पांढऱ्या घरांतली वाढीव खोली

"ट्युलिप सोडून मावशी चाळी बघायला निघाल्या!" आल्मेरेच्या स्टेशनवर आम्हाला सोडताना सायलीचा नवरा म्हणाला. चिडवणं होतं, पण खोटं नव्हतं.

सायली माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. नवऱ्याच्या नोकरीमागे इथे नेदरलँड्सला आली, सुरुवातीला घरात बसून डच शिकली, आणि आता ॲमस्टरडॅमला स्वतः नोकरी करते. माझ्यासाठी तिने रजा काढली होती. मी सोलापूरची. वास्तुरचनेचं काम करते, म्हणजे आता करत होते म्हणायला हवं. आयुष्यातली बरीच वर्षं विडी वळणाऱ्या बायकांची एक वसाहत उभी करण्यात गेली. प्रत्येक घराला मी एक गॅलरी दिली होती, उन्हाळ्यात वारा यावा म्हणून. निवृत्त व्हायच्या आधी चक्कर मारली, तर निम्म्या गॅलऱ्या विटा-पत्र्यांनी बंद केलेल्या. कुठे चूल, कुठे पोरांच्या अंथरुणांची चळत. मी गाडीतूनच परत फिरले आणि पुन्हा तिकडे गेले नाही.

म्हणून मला रॉटरडॅमची ती वसाहत बघायची होती. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात गोदीतल्या कामगारांसाठी बांधलेली, सपाट छपरांची, पांढरी. कॉलेजात तिचा एक धूसर फोटो पाहिला होता. गरिबांची घरं इतक्या वर्षांनी कशी दिसतात, ते मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

गाडी निघाली. दोन्ही बाजूंना सपाट हिरवं रान, त्यात पट्टीने आखल्यासारखे कालवे आणि वर नुसतं आभाळ. आल्मेरेची जमीन कधीकाळी समुद्राचा तळ होती. तिथे आता माणसं कपडे वाळत घालतात, याचं मला रोज नवल वाटायचं.

रॉटरडॅमला उतरून ट्राम पकडली. मास नदीवरच्या पुलावरून जाताना लांबवर क्रेनची रांग दिसली. बोलण्याच्या नादात आम्ही एक थांबा पुढे गेलो. उतरून मागे चालत निघालो तर समोरून वारा असा, की माझी शाल तोंडावर आली आणि मी नेमकी सायकलींच्या लाल पट्ट्यावर शिरले. करकचून ब्रेक लागला. एक आजोबा सायकलवरून काहीतरी ओरडून गेले.

"काय म्हणाले गं?"

"मावशी, मी भाषांतर करणार नाही," सायली म्हणाली.

वसाहत कोपऱ्यावरून अचानक समोर आली. माझा पहिला विचार असा, की किती लहान! फोटोत ती जहाजासारखी वाटायची. प्रत्यक्षात दुमजली घरांच्या दोन लांब ओळी, निळी दारं, मधे सामाईक बाग. गिलाव्याला तडे गेलेले. पण दाराशी कुंड्या होत्या, खिडकीत मांजर होतं, घरं वापरात होती. वरच्या मजल्यावर प्रत्येक घराला एक छोटा सज्जा. ते सगळे मिळून एक सरळ रेषा होते, आणि त्या रेषेसाठीच ही वसाहत वास्तुरचनेच्या पुस्तकांत गेली. एकाच घराचा सज्जा मात्र लाकडी फळ्यांनी बंद केलेला होता. त्या पांढऱ्या ओळीत तो खोकं चिकटवल्यासारखा दिसत होता. मला सोलापूरच्या बंद गॅलऱ्या आठवल्या.

मी फोटो काढत होते, तेवढ्यात शेजारच्या दारातून एक सावळी, ठेंगणी बाई डोकावली. "कहाँ से आइल है?" हिंदीच, पण वेगळ्या वळणाची. ती शांती. तिचे पूर्वज भारतातून सुरिनामच्या उसाच्या मळ्यांवर गेले आणि तिचे आईवडील तिथून इथे आले. घरी ते सर्नामी (सुरिनामी भारतीयांची बोली) बोलतात. माझं हिंदी आणि तिची सर्नामी हात धरून चालायला लागली. मी इमारती बांधते हे कळल्यावर तिचा चेहरा बदलला.

"मग आत चल. मिपकडे. आज तिला कोणीतरी हवं आहे."

मिप म्हणजे त्या फळ्यांच्या सज्ज्याच्या घरात राहणारी बाई. नव्वदी ओलांडलेली, काटक, आणि ओठांना लिपस्टिक लावलेली. तिचा जन्मच या घरातला. शांती रोज तिला सोबत करते. आम्हाला खुर्च्या मिळाल्या, कॉफी आली, आणि शांतीने घरून बारा (उडदाच्या डाळीचे वडे) आणले, सोबत पिवळ्या मिरचीची जळजळीत चटणी. मला क्षणभर सोलापूरला आल्यासारखं झालं.

हकिगत अशी होती. घरांची मालकी असलेल्या संस्थेने दुरुस्ती काढली होती. वसाहत मूळ नकाशाप्रमाणे करायची, म्हणून मिपबाईंची फळ्यांची खोली पाडायची. संस्थेची वास्तुरचनाकार थोड्या वेळाने मापं घ्यायला येणार होती.

"त्यांना मेनेर (साहेब) कोरचं घर हवंय," मिपबाई म्हणाल्या. सायली एकेक वाक्य मराठीत सांगत होती. "मेनेर कोर माझ्या मांडीवरच्या मांजराला नावाने हाक मारायचे. मला शिकवताहेत!"

मेनेर कोर म्हणजे या वसाहतीचे वास्तुरचनाकार. पुढचं सगळं मिपबाईंनी सांगितलं, काही स्वतः पाहिलेलं, काही वडिलांकडून ऐकलेलं.

तरुणपणीच ते खमेंतेच्या (नगरपालिकेच्या) घरबांधणी खात्यात लागले. त्या वेळी गोदीतले हमाल तळघरांत राहायचे, एका नळावर सगळी गल्ली. कोरनी हट्टाने प्रत्येक घराला स्वतःचा नळ, स्वतःचा संडास आणि सकाळचं ऊन दिलं. मिपबाईंच्या आईने पहिल्या दिवशी नळ नुसताच सोडून पाहिला म्हणे, आणि रडली. वर्तमानपत्रांनी मात्र घरांना साखरेचे खडे म्हणून हिणवलं. आणि दोन हिवाळ्यांत सपाट छपरं गळायला लागली. भिंतींना ओल आली, पोरं खोकू लागली. मिपबाईंचे वडील दहा-बारा भाडेकरू घेऊन कोरच्या ऑफिसात भांडायला गेले.

"मग?"

"मग त्यांनी इथलं रिकामं झालेलं कोपऱ्यातलं घर स्वतः भाड्याने घेतलं. बायकोला घेऊन आले. म्हणाले, तुम्ही खोकता तर मीही खोकतो."

तो हिवाळा त्यांनी ओलीत काढला. वडील आणि ते मिळून छपरावर चढायचे, पाणी कुठे मुरतं ते शोधायचे. हळूहळू छपरं सुधारली. पण खात्यात त्यांचं नाव खराब झालं ते झालंच. नोकरी गेली. मग युद्ध आलं. नंतर शहर नव्याने बांधलं गेलं, पण मोठं काम त्यांच्याकडे कोणी दिलं नाही. दुकानांच्या दर्शनी बाजू, शाळेतली बाकं, कोणाच्या थडग्याचा दगड, असली कामं करत ते याच वसाहतीत म्हातारे झाले. कोपऱ्यातलं घर त्यांनी सोडलं नाही.

"आणि ही खोली?" मी विचारलं.

"माझा पाचवा भाऊ झाला तेव्हा निजायला जागा नव्हती. वडिलांनी गोदीतल्या फळ्या आणून सज्जा बंद करायला घेतला. आई म्हणाली, मेनेर कोरना कळलं तर काय वाटेल? आणि ते आलेच. खाली उभे राहून बराच वेळ वर बघत होते. मी दाराच्या मागे लपले होते. वाटलं, आता रागावणार."

मला पुढचं ऐकायची भीती वाटत होती.

"वर आले, फळ्यांवर हात फिरवला आणि वडिलांना म्हणाले, 'खिडकी चुकीच्या बाजूला ठेवतोयस. पूर्वेला घे. बाळाला सकाळचं ऊन मिळेल.' कोट काढला आणि करवत हातात घेतली."

आम्ही जिना चढून ती खोली पाहिली. पाळण्यापुरतीच होती. आता तिथे शिवणयंत्र होतं. पूर्वेची खिडकी लहान, पण इतक्या नेमक्या उंचीवर, की बसलेल्या माणसाला बागेतली झाडं दिसावीत. हे काम जाणत्या हाताचं होतं, ते मला सांगायला कोणी नको होतं.

बेल वाजली. संस्थेची वास्तुरचनाकार म्हणजे तिशीची एक मुलगी, वाऱ्याने लाल झालेली. भली होती. सज्ज्यांची सरळ रेषा हेच या वसाहतीचं मर्म आहे, असं ती समजावून सांगू लागली. मी होते तशीच पुढे झाले.

"सायली, सांग तिला. मीपण हेच काम करते. ही रेषा मलाही हवी असती. पण ज्याने ती काढली त्याने स्वतःच ती इथे मोडली, आणि मोडताना खिडकीची जागा विचार करून ठरवली. मूळ नकाशा म्हणायचं तर त्याचा हा शेवटचा नकाशा आहे."

सायलीने सांगितलं. मुलगी वर गेली. शिवणयंत्रापाशी बसली, खिडकीतून बघत राहिली. खाली आल्यावर वचन काही दिलं नाही. एवढंच म्हणाली, "हे आमच्या कागदांत कुठेच नाही." मग मिपबाईंकडे वळून तिने विचारलं, "मला पुन्हा पहिल्यापासून सांगाल?" आणि कोट काढून खुर्चीत बसली.

परतीच्या गाडीत सायली म्हणाली, "इथे आले तेव्हा वाटायचं, डच कशासाठी शिकतेय. आज पहिल्यांदा कोणाच्या तरी उपयोगी पडलं." मी तिचा हात धरला. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि कालव्यातली बदकं त्याची दखलही घेत नव्हती.

मी सोलापूरला पोचल्यावर काही दिवसांनी तिचा फोन आला. संस्थेने खोली ठेवायचं ठरवलं होतं, पण मिपबाईंच्या हयातीपुरतीच. त्यावर बाई म्हणाल्या होत्या, "म्हणजे मला आता बरीच वर्षं काढावी लागणार."

पूर्ण जिंकणं नव्हतं ते. पण मला त्या रात्री चांगली झोप लागली. कोरना जगाने मोठं काम दिलं नाही, याचं मला वाईट वाटतच राहील. तरीही त्यांच्या घरांत माणसं शंभरेक वर्षं जन्मली, खोकली, भांडली, म्हातारी झाली. आपण बांधून दिल्यावर घर आपलं राहत नाही, हे ते माझ्यापेक्षा खूप लवकर शिकले होते.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून मी विडी कामगारांच्या वसाहतीत गेले. पहिल्याच घरातल्या लक्ष्मीबाईंनी ओळखलं आणि बंद केलेल्या गॅलरीत बसवून चहा दिला. सुनेचं बाळंतपण त्याच खोलीत झालं होतं. मी भिंती बघत होते, लक्ष्मीबाई माझ्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"बाई, राग नका मानू. पण पुढच्या वेळी गॅलरी हातभर जास्त रुंद द्या. बंद केल्यावर खोली बरी होते."