मनोरीच्या गाळात राणी

नाहूरहून सहाला निघायचं ठरलं होतं, निघालो साडेसातला, कारण संजूच्या घरी वडे तळून व्हायचे होते. संजू विक्रोळीचा, वैशाली मुलुंडची आणि मी नाहूरची. शाळेपासूनची आमची तिघांची दोस्ती. आता पन्नाशीला टेकलो, पण एकत्र आलो की अक्कल आठवीतलीच. सगळा जन्म मुंबईत काढून मनोरी एकानेही पाहिली नव्हती, ही लाज त्या रविवारी धुऊन काढायची होती.

मार्वेच्या धक्क्यावर गाडी ठेवली आणि तरीत (खाडी ओलांडणारी बोट) चढलो. स्कूटर, बर्फाच्या लाद्या, दोन कोंबड्या आणि आम्ही. प्रवास पाच मिनिटांचा, पण संजू छाती काढून उभा.

"आम्ही मालवणचे. समुद्र रक्तात असता आमच्या."

"विक्रोळीच्या चाळीत जन्मलास तू," वैशाली म्हणाली. "तुझ्या रक्तात कंपनीचा भोंगा आहे रे."

पलीकडे उतरलो तर हवाच वेगळी. बांबूच्या वलांडीवर (मासे सुकवायची मांडणी) बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगलेले. वास असा, की वैशालीने आधी नाक धरलं आणि दहा मिनिटांत तेच बोंबील घरी न्यायला बांधून घेतले. विकणाऱ्या मावशींना आम्ही बसायला सावली विचारली. त्यांनी खाडीच्या काठाची तिवरं (खारफुटीची झाडं) दाखवली.

"बसा. पन खाली गालान (गाळात) नका उतरू."

चटई अंथरली. संजूच्या बायकोचं कोंबडीचं सुकं आणि वडे म्हणजे काय सांगू, बोलणंच बंद झालं. समोर ओहोटीने खाडी मागे गेलेली, मधे करडा गाळ चकाकत होता. तेवढ्यात एक तांबूस कुत्री आली आणि अगदी माझ्या ताटाला नाक लावून बसली. लाळ चटईवर. हाड्‌ हाड्‌ केलं, हलेना. मला आला राग. मी एक मोठं हाड उचललं आणि तिला लांब घालवायला जोरात भिरकावलं. ते पडलं गाळात. कुत्री धावत सुटली. मी निवांत तिसरा वडा घेतला.

संजू आणि वैशाली फोटो काढण्यात गुंग होते. त्यांनी काही पाहिलं नाही.

थोड्या वेळाने केकाटणं ऐकू आलं. कुत्री काठापासून वीस-पंचवीस हातांवर पोटापर्यंत रुतली होती. जेवढी धडपडायची तेवढी खाली जायची. आणि तिच्या पलीकडे पाण्याची कड सरकत होती. भरती लागली होती.

"अरे देवा, वाट लागली हिची!" वैशाली किंचाळली.

"थांबा, मी आणतो," म्हणत संजूने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. मावशींनी बजावलेलं मी त्याला ओरडून सांगितलं, तर म्हणतो, "अगो, चिखल काय मी बघूक नाय?" चार पावलं झकास गेला. पाचव्याला गुडघा, सहाव्याला मांडी. मग आमचा दर्यावर्दी तिथेच उभा, ना पुढे ना मागे. "यार, पाय निघत नाय!" आवाज अगदी बारीक झालेला.

मी वलांडीकडे धावत सुटले. या वयात इतकी कधी धावले नव्हते. मावशींनी एका शब्दात ओळखलं. "राणी! माजी राणी ती! पाच पिल्लं हायत तिची, डोलं पन उगरलं (उघडले) नाय अजून!"



मावशींनी झोपडीमागून ताडपत्रीत शिवलेला थर्माकोलचा तराफा ओढला. चिंबोऱ्या (खेकडे) पकडायला त्या यावरूनच गाळात जातात. त्याला दोर बांधून दुसरं टोक आमच्या हातात दिलं, साडी खोचली आणि तराफ्यावर पालथ्या पडून हातांनी गाळ ढकलत निघाल्या. त्या गाळावर उभं राहायचंच नसतं, हे आम्हा शहाण्यांना कुठे ठाऊक?

"मावशी, आधी मला!" संजू.

"तू मानूस हायस, सांगितलेलं समजंल तुला. आरवा हो (आडवा हो) आनि सरपटत मागं जा. तिला कोन सांगनार?"

पाणी राणीच्या गळ्याला लागलं होतं. केकाटणंही थांबलं होतं, नुसतं नाक वर. मावशींनी तिच्या पुढच्या पायांखाली हात घातले, हळूहळू हलवून गाळ सैल केला. एकदा निसटली. दुसऱ्यांदाही. मी दोर धरून देवाला काय काय कबूल केलं, ते मलाच ठाऊक. तिसऱ्यांदा पच्‌ असा आवाज झाला आणि राणी तराफ्यावर आली. "ओरा!" मावशी ओरडल्या. आम्ही दोघी जीव खाऊन ओढत राहिलो. संजूही सरपटत, नाकातोंडात गाळ घेऊन काठाला लागला. मालवणचं नाव त्याने नंतर काढलं नाही.

"पन ती गेलीच कशी?" मावशी धापा टाकत म्हणाल्या. "कंदी जात नाय गालान."

"चिंबोरी दिसली असेल," वैशाली म्हणाली.

गप्प बसता आलं असतं. पण राणी थरथरत माझ्याच पायाशी आडवी पडली होती.

"मी हाड टाकलं," मी म्हटलं. "मुद्दाम लांब टाकलं. ती जवळ नको होती म्हणून." आणि पन्नाशीची बाई मी, भोकाड पसरलं.

मावशींनी माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता शिव्यांची लाखोली. त्यांनी बादली माझ्यासमोर आदळली.

"मंग आता तूच धू तिला."

चार बादल्या गोडं पाणी लागलं. कानातला, बोटांमधला, पोटाखालचा गाळ काढला. राणीने मुकाट धुऊन घेतलं आणि अंग झाडून मला पुरतं न्हाऊ घातलं. मग झोपडीतल्या जुन्या जाळ्यांच्या ढिगाकडे गेली आणि लवंडली. पाच आंधळे गोळे चाचपडत आले आणि एकदम लुचू लागले. हुश्श! तेव्हा कुठे माझा श्वास मोकळा झाला.

परतीच्या तरीत संजू वाळलेल्या गाळाने मूर्तिकाराच्या कारखान्यातून पळून आल्यासारखा दिसत होता. लोक सरकून बसत होते. वैशालीने हळूच विचारलं, "अगं, सांगितलंस कशाला? कुणाला कळलंही नसतं."

खरंच, कळलं नसतं. पण मग त्या पिल्लांना पिताना मला डोळे भरून बघता आलं नसतं.