शेजारणीचं म्हणणं

किमयाचं कौतुक ऐकायचं असेल तर अष्टमी गावात आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. मला विचारलंत तर खरं ऐकावं लागेल, आणि खरं हे की ती मुलगी पुढे गेली तेव्हा माझ्या पोटात दुखलं. अजूनही दुखतं. पण तिची हकीकत माझ्याइतकी कुणाला ठाऊक नाही, कारण तिच्या हातात पहिल्यांदा माऊस दिला तो मी.

तेव्हा ती अकरावीत होती. मी तिच्याहून पाच वर्षांनी मोठी. पूल ओलांडून रोह्यात गेलं की बाजारात एक कॉम्प्युटरचा क्लास आहे, तिथे मी शिकवते. गल्लीत कुणाचा रेशनकार्डाचा अर्ज असो, कुणाच्या नवऱ्याचं दुबईचं तिकीट असो, सगळं माझ्याकडे यायचं. 'रोहिणीला विचार' हे दिवसातून दहादा कानावर पडायचं आणि मला ते फार आवडायचं. किमयाचे बाबा धाटावला कंपनीत शिफ्टला जातात, आई सगुणाकाकी घरी असतात. मी तिला अर्ध्या फीमध्ये क्लासला घेतलं, आणि घेतलं हे गावभर सांगितलं.

ही मुलगी सरळ काही करायचीच नाही. जन्मतारीख भर म्हटलं की एकतीस फेब्रुवारी भरायची. वयाच्या रकान्यात उणे सात. नावाच्या जागी नुसतं एक टिंब.

"असं का करतेस गो?" मी ओरडायची.

"बघते ना ताई, काय करतो तो."

तो काही करायचा नाही, बंद पडायचा. एकदा मी वैतागून तिच्या हातावर पट्टी मारली. बाकीची मुलं शहाण्यासारखे रकाने भरत होती.

ती पदवीला गेली आणि शेवटच्या वर्षाची परीक्षा होते न होते तोच पेणला एका छोट्या कंपनीत जागा निघाल्या. गणपतीच्या कारखान्यांसाठी मूर्ती बुक करायचं ॲप बनवणारी कंपनी. जाहिरात मी पाहिली, अर्ज मी केला, आणि एकटीने एसटीने जायचा कंटाळा म्हणून किमयाला म्हटलं, चल, तूही अर्ज टाक. म्हणजे तिला तिथे नेलं कुणी? मी. हे मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल त्याला हिशोब नाही.

मालकांनी दोघींच्या हातात एकेक फोन दिला आणि सांगितलं, ॲप बघा, कसं वाटतं बोला. मी दहा मिनिटं बघितलं आणि म्हटलं, "छान आहे सर, रंग तर फारच सुंदर." किमयाने अर्धा तास मान वर केली नाही. मग म्हणाली, "सर, ह्याच्यात विसर्जन झाल्यावर दुसऱ्या दिवशी मूर्ती घरपोच मिळते. मी मागवली. आणि एकच मूर्ती दोन नावांनी घेतली, दोघांनाही दिली त्यानं."

मालकांनी तिच्या हातातून फोन घेतला, पाहिलं आणि आतल्या माणसाला हाक मारली. तिला त्याच दिवशी ठेवून घेतलं. मला म्हणाले, कळवतो. अजून कळवतायत.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसून हसू दाबत होती. माझ्यासाठी दाबत होती. नुसती हसली असती तर मला एवढा राग आला नसता. ज्या खोडीसाठी मी पट्टी मारली त्या खोडीला महिन्याचा पगार मिळणार होता, आणि मी मात्र उद्या पुन्हा वर्गात जाऊन 'नाव इथे लिहा' म्हणणार होते.

दोन वर्षं ती रोहा-पेण करत राहिली. सकाळी सातच्या बसने जायची, दिवेलागणीनंतर यायची. तिच्या कामाला टेस्टिंग म्हणतात. दुसऱ्यांनी केलेल्या कामात चूक कुठे आहे ते शोधायचं आणि ती पुन्हा करून दाखवायची. त्यासाठी तिने एक वही केली होती. प्रत्येक चुकीखाली तीन ओळी: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. रविवारी ती वही घेऊन माझ्याकडे यायची आणि डोळे मोठे करून सांगत बसायची. बसमध्ये व्हिडिओ बघून इंग्रजी सुधारली, कारखान्यातल्या म्हाताऱ्या कारागिरांना फोनवर बोट कसं फिरवायचं ते शिकवलं, सगळं सांगायची.

"चार माणसांची तर कंपनी," मी म्हणायची.

"पाच, ताई," ती म्हणायची. तिला माझं बोलणं टोचतच नसे. त्याचाही मला राग यायचा.

आणि मग पुण्याच्या मोठ्या कंपनीचं पत्र आलं. महिन्यातून चार दिवस तिकडे जायचं, बाकी घरून काम. पगार किती ते मी लिहीत नाही, हात जड होतो. नोकरी पक्की व्हायच्या आधी कंपनीचा माणूस घरी येऊन चौकशी करणार होता. तो फॉर्म भरायला ती माझ्याकडेच आली. 'तुम्हाला ओळखणारी शेजारची व्यक्ती' या रकान्यात तिने न विचारता माझं नाव घातलं.

"तुझ्याइतकं मला कोण ओळखतं?" म्हणाली.

तो माणूस एका मंगळवारी दुपारी आला. किमया पेणला, बाबा शिफ्टला, सगुणाकाकी कोलाडला माहेरी गेलेल्या. घराला कुलूप. त्याने समोरच्या सकीनाखालांना विचारलं, "किमया इथेच राहते ना? मुलगी कशी आहे?"

आता आमच्या गल्लीत परका माणूस येऊन मुलगी कशी आहे असं विचारतो ते एकाच कामासाठी. स्थळाची चौकशी. अशा वेळी सगळी गल्ली एक होते. खुर्ची बाहेर येते, चहा चढतो, मुलीचं वय दोन वर्षांनी उतरतं. खालांनी चहा ठेवला आणि पदर सावरून सुरुवात केली.

"काय सांगू तुमाला, पोर सोन्यासारखी हाय. एकदम घरगुती."

"पेणला नोकरी करते ना? दोन वर्षं?"

खालांना वाटलं, रोज एसटीने एवढं लांब जाणारी सून कुणाला चालणार? "नोकरी? नाय ओ! पेणला मावशी हाय तिची. तिला बरं नसतं, म्हणून जाते-येते. नोकरीबिकरी काय नाय."

मी क्लासहून येऊन तिथेच उभी राहिले होते. माझ्या चौकशीला लोक आले होते तेव्हा खालांनी इतकं मन लावून सांगितलं नव्हतं, हेच मला आधी आठवलं. मग त्या माणसाच्या गळ्यातलं कार्ड दिसलं, हातातल्या फोनवरचे रकाने दिसले. मला सगळं कळलं. खालांना थांबवायला एक वाक्य पुरलं असतं.

त्याने यादीतलं नाव वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "रोहिणी तुम्हीच का? ह्या सांगतायत ते बरोबर आहे?"

मी म्हटलं, "खालांना सगळं ठाऊक असतं."

खोटं एक अक्षरही बोलले नाही, अशी मी मनात वकिली केली. त्याने फोन पुढे केला, मी बोटाने सही केली. मला बरं वाटलं. चार दिवस फार बरं वाटलं.

शनिवारी किमया फोन घेऊन माझ्या दारात आली. कंपनीने कळवलं होतं की नोकरीबद्दल दिलेली माहिती खोटी दिसते, पेणच्या कार्यालयानेही पत्राला उत्तर दिलेलं नाही, पाच दिवसांत खुलासा करा, नाहीतर नोकरी देता येणार नाही. पेणचं कार्यालय कुठून उत्तर देणार? सीझन तोंडावर, सगळे कारखान्यांत. आणि त्यांचं पत्र आणलं तरी माझी सही उरतेच. आणि पेणचा राजीनामा किमयाने आधीच दिला होता, तिच्या जागी दुसरी मुलगी नेमलीही होती. इथलंही गेलं, तिथलंही जाणार.

मला वाटलं रडेल. तिने वही उघडली. "मंगळवारी कोण कोण होतं गल्लीत?" म्हणाली आणि घरोघर निघाली. मी मागून गेले, न जाऊन कसं चालेल.

सकीनाखालांनी आधी कौतुकाने सांगितलं, काय काय बोलल्या ते. मग अर्थ कळला तशा त्या कपाळावर हात मारून रडायला लागल्या. "या अल्ला, मी तुझं लग्न जमवत होते गो!"

"खाला, तुमची चूक नाय," किमया म्हणाली. "आणखी कोण होतं?"

"रोहिणी होती की. तिने सही पण केली."

किमया वळली. "ताई, तो कशाला आलाय ते तुला कळलं होतं?"

"व्हय."

"कधी?"

"कार्ड बघितलं तेव्हाच."

तिने ते वहीत लिहिलं. खरंच लिहिलं. मग पेन थांबलं. "कशाला केलंस?" तिने वही मिटली. "सोमवारी अकरा वाजता खुलाशासाठी त्यांचा फोन येईल. तुझाच नंबर हाय फॉर्मवर. त्यांनाच सांग."

सोमवारी ती माझ्यासमोर बसली होती, फोन मध्ये टेबलावर. पुण्याहून बाई बोलत होत्या. मी सांगितलं, किमया दोन वर्षं पेणला नोकरीला होती, मी स्वतः तिच्याबरोबर मुलाखतीला गेले होते.

"मग मंगळवारी तुम्ही नाही कशाला म्हणालात?"

"गैरसमज झाला."

"मॅडम, गैरसमज त्या आजींचा झाला. तुमच्या नावाची सही आहे. तेव्हाचं खोटं की आजचं खोटं? तिने तुम्हाला पढवलं नाही कशावरून?"

मी किमयाकडे पाहिलं. तिने मला काहीच सुचवलं नाही. मला कळून चुकलं की दुसरं कुठलंही कारण दिलं तरी ह्या बाई विश्वास ठेवणार नाहीत. स्वतःची लाज काढणारं कारण कुणी पढवून सांगत नसतं.

"मी तिच्यावर जळते," मी म्हटलं. "मी तिला शिकवलं आणि ती पुढे गेली. तिची नोकरी जावी असं मला वाटलं, म्हणून मी गप्प बसले."

बाई हळूच म्हणाल्या, "हे मी लिहू कसं?"

"सांगितलं तसंच," किमया म्हणाली.

दोन आठवडे उशिरा, पण ती रुजू झाली. आता दिवसभर घरात खिडकीशी बसून काम करते, पुण्याची माणसं तिला मॅडम म्हणतात, आणि गल्लीतले अर्ज तिच्याकडे जातात. रविवारी ती येत नाही. एकदाच आली, कंपनीकडून आलेला चौकशीचा कागद दाखवायला. त्यात एक रकाना होता, शेजारणीचं म्हणणं. खाली लिहिलं होतं: 'उमेदवाराची नोकरी खरी. शेजारणीने मत्सरापोटी माहिती दडवली.' आणि पुढे हिरव्या अक्षरांत, पडताळणी पूर्ण.

आजवर मी सात कंपन्यांत अर्ज केले. माझ्याबद्दल एखाद्या कंपनीने लिहिलेलं हे एवढं एकच वाक्य. त्यात चूक सापडते का म्हणून मी ते चार वेळा वाचलं. सापडली नाही.