चार तपासण्यांचा सौदा

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरनं मला फसवलं. मी दात बघून जनावराचं वय सांगणारा माणूस. म्हशींच्या बाजारात मला फसवणारे फार भेटले नाहीत. हा भेटला दवाखान्यात, आणि आजही त्याच खुर्चीत बसून तो लोकांना तपासतो.

नव्वदच्या दशकातला एक उन्हाळा. शिरोळकडच्या बाजारातून आलो आणि जुलाब सुरू झाले. कंबर आधीच धरलेली, म्हणून दुखण्याच्या गोळ्या चालू होत्या. दोन दिवस पोटात पाणी ठरेना, गोळ्या मात्र मी सोडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी लघवी बंद. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा दोन्ही किडन्या बसल्या होत्या. तीनदा मशीनवर रक्त धुतलं. मग एका सकाळी लघवी सुटली. बायकोनं ते भांडं नर्सकडे असं जपून नेलं, जणू त्यात पहिल्या धारेचा चीक होता.

घरी सोडताना तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागद लिहून दिला. दर तीन महिन्यांनी रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासायचा. विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी घ्यायची नाही. वर तोंडानं म्हणाल्या, "किडनी सावरलीय, पण तिनं एकदा मार खाल्लाय. कायम लक्ष ठेवावं लागेल."

पुढच्या तपासण्या जवळच करायच्या म्हणून कागद गल्लीतल्या डॉक्टरला दिला. तो वाचून म्हणाला, "वर्षातनं चारदा यायला लागंल, मालक."

मी खांद्यावरचा टॉवेल त्याच्या हातावर टाकला. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. शेजारच्याला कळू नये म्हणून कापडाखाली बोटं धरून ठरवतात. मी त्याची चार बोटं धरली आणि त्यातली तीन दुमडली.

"एकदाच? म्हस घेताय काय माझ्याकडनं?" तो हसायला लागला.

"टकाटक झालोय की. कशाला सारखं टोचून घेऊ?"

"बरं बाबा, एकदा."

एवढ्या लवकर सौदा पटला तेव्हाच मला संशय यायला हवा होता. वर्षानं गेलो. रक्ताचा आकडा चांगला आला. लघवी त्यानं तपासलीच नाही. म्हणाला, "पूर्ण बरे झालात. त्रास झाला तरच या." त्रास कंबरेचाच व्हायचा. तोच दुखण्याची सुई द्यायचा, तोच गोळ्या बांधून द्यायचा, आणि डॉक्टरीणबाईंचा कागद त्याच्याच फायलीत पडून असायचा.

अशी सहा-सात वर्षं गेली. एका संध्याकाळी मी चपला काढल्या आणि बायकोनं माझ्या पावलावर अंगठा दाबला.

"अवं, खड्डा पडतोय की."

"दिसभर उभा हुतो बाजारात."

"म्हशीच्या कासंवर असा खड्डा पडला तर तुमी घेता व्हय ती म्हस?"

दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. रक्तदाब चढलेला, लघवीतून प्रथिनं जाणारी, रक्तातला आकडा वाढलेला. "इतकी वर्षं कुठं होता?" त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "किडन्यांचं काम निम्म्यावर आलंय. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं टिकवू."

तेव्हापासून टिकवतोय. लोणचं-पापड ताटात येऊ देत नाही. रक्तदाबाची गोळी एकही दिवस चुकवली नाही. कंबर धरली तर शेकतो, बाजारात खाली बसतो, पण दुखण्याची गोळी नाही. वर्षातून चारदा जातो आणि बाईंशी घासाघीस करत नाही. आकडा अजून तिथंच थांबलाय. परत मशीनवर जायचं नाही, हे मी ठरवलंय.

पण एकदा गल्लीतल्या डॉक्टरकडे गेलोच. रिपोर्ट टेबलावर आपटले.

"सौदा तुमीच केला की, मालक," तो म्हणाला. "बोटं कुणी दुमडली?"

"मी दुमडली. व्हय!" माझा आवाज रस्त्यावर गेला असेल. "दगडी होऊन कास सुजलेली म्हस बरी झाली तरी फुडच्या येताला, व्याल्यावर, चारी सड पिळून बघतो मी. गिऱ्हाईक कितीबी घाई करू दे, बघितल्याबिगर दावं सोडत न्हाय. किडनीतलं मला काय कळतंय? तुमाला कळत हुतं. तुमी का सोडलंसा?"

त्यानं रिपोर्ट माझ्याकडे सरकवले आणि बाकाकडे बघून हाक मारली, "पुढं कोण?"

मी हट्टी होतो, हे इथं लिहून देतो. आता त्यानं बोलावं. कागद हातात असताना ती सुई मला का टोचली? लघवी का तपासली नाही? त्या बाकावर आणखी कितीजणांना त्यानं 'पूर्ण बरे' म्हणून घरी पाठवलंय? मला उत्तर पाहिजे, त्याच्याच तोंडून, आणि बाकावरच्या सगळ्यांदेखत.