देवांची पोचवणी

“बोलवलं तर पोचवायबी लागतंय,” असं मल्हारी म्हणायचा. घरी आलेला पाहुणा चहा पिऊन उठला की हा त्याच्याबरोबर पार निमोण्याच्या फाट्यापर्यंत चालत जायचा. पाहुण्याकडे मोटारसायकल असली तर बिचारा ती हातानं ढकलत यायचा, कारण म्हातारा बोलत चालायचा आणि मागं बसायला काही तयार व्हायचा नाही. बानूबाईनं उभ्या संसारात हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं, की पाहुण्यानं कप खाली ठेवला की चुलीपुढं तीच ते नवऱ्याच्या आधी पुटपुटायची.

ते वाक्य ओवीतलं होतं. धनगराची ओवी सुंबरानानं सुरू होते. सुंबरान मांडायचं म्हणजे देवांना हाक घालायची. एकेकाचं नाव घ्यायचं, त्याचा डोंगर सांगायचा, त्याची वाट सांगायची आणि तो आला की त्याला बसायला घोंगडी टाकायची. सगळे बसले की मग कथा. मल्हारीच्या घराण्यात त्यापुढं आणखी एक होतं. कथा सरली की शेवटी आलेल्या देवाला आधी निरोप द्यायचा, मग त्याच्या आधीच्याला, असं करत पहिल्या देवापर्यंत यायचं. याला ते पोचवणी म्हणायचे. पोचवणी केली नाही तर देव तिथंच बसून राहतात, ना घरचे ना दारचे, असं मल्हारीच्या बापानं त्याला मेंढरामागं हिंडताना सांगितलं होतं. मल्हारीनं ओळ टाकायची आणि त्याचा जोडीदार तात्याबा, त्यानं ती झेलायची, मागोमाग म्हणायची. दोघं असे उभे राहिले की बानूबाईला वाटायचं, एकच माणूस दोन तोंडांनी श्वास घेतोय.

तेव्हा मल्हारीला कोणी कलाकार म्हणत नव्हतं. मेंढरं कातरायला जसं कोणाला बोलवावं तसं ओवी गायला मल्हारीला बोलवायचे. गाऊन झालं की तो पंगतीत बसायचा, भाकरी कुस्करायचा. तेवढंच. त्याच्या पोराला, ईश्वरला, मात्र ते आवडायचं नाही. शिरूरच्या शाळेत पोरं कानावर हात ठेवून त्याच्या बापाची नक्कल करायची. “आबा, शाळंत येताना घोंगडी नका आणू,” असं त्यानं एकदा सांगितलं. मल्हारी पुन्हा शाळेत गेलाच नाही.

पुढं मेंढरं गेली. कॅनॉलचं पाणी आलं, रानात कांदा आला आणि ईश्वर रांजणगावच्या एका कंपनीत लागला. एका वर्षी कंपनीच्या कार्यक्रमात साहेबांना आपल्या मातीतलं काहीतरी पाहिजे होतं. ज्यानं बापाला शाळेपासून लपवलं तोच ईश्वर उठून म्हणाला, “सर, माझे वडील कलाकार आहेत.”

घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा बानूबाई भाकरी थापत होती.

“कलाकार म्हंजी काय रं?”

“म्हंजी आबा जे करत्यात ते.”

“ते तर तू बंद करा म्हणत हुतास.”

“तवा मला काय कळत हुतं आये,” ईश्वर हसला. मल्हारीही हसला, पण तो शब्द त्यानं दिवसभर तोंडात घोळवला, गुळाच्या खड्यासारखा.

कंपनीत त्याला सात मिनिटं होती. मल्हारीनं आपलं नेहमीसारखं सुंबरान मांडलं. तिसरा देव आला, बसला, तोवर टाळ्या वाजल्या. कोणीतरी हातात फुलांचा गुच्छ दिला आणि निवेदक आभार मानू लागला. मल्हारी खाली उतरला, तात्याबाला घेऊन कंपनीच्या बसमागं गेला आणि तिथं उभं राहून त्यानं तिन्ही देवांची पोचवणी केली. ड्रायव्हर लोक डबे खाता खाता बघत होते. एक जण म्हणाला, “चाचा, प्रोग्राम तो उधर था.”

त्या दिवसानंतर त्यानं ठरवलं, स्टेजवर सुंबरान मांडायचंच नाही. कथेच्या मधला एक तुकडा त्यानं काढला, जोरकस, ठेक्याचा, लोकांना डुलवणारा. देव बोलवलेच नाहीत तर पोचवायचं कोणाला? आणि तो तुकडा चालला. शिरूरला चालला, दौंडला चालला, भांडगावजवळ हायवेवरच्या हॉटेलातही चालला. मल्हारीला शाली मिळाल्या, नारळ मिळाले. तो पेपरात आला. फेटा बांधून आरशापुढं उभा राहून तो विचारायचा, “कसा दिसतुय गं?”

“नवरदेवावानी,” बानूबाई म्हणायची. “नवरी तेवढी म्हातारी झाली.”

ओवी गायला जातो असं तो आता म्हणत नसे. “माझा कार्यक्रम हाय,” म्हणायचा. बानूबाईला त्यात वाईट काही वाटलं नाही. जन्मभर उन्हात भाजलेल्या माणसाला कोणी खुर्ची दिली तर त्यानं बसू नये की काय? पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. आलेला पाहुणा उठला की मल्हारी आता बाजेवरूनच म्हणायचा, “या मंग.” फाटा लांब वाटू लागला होता. एकदा दौंडहून आल्यावर फेटा न सोडताच तो भिंतीला टेकून बसला.

“घसा दुखतुय का?” तिनं विचारलं.

“घसा बरा हाय,” तो म्हणाला. “पर गाऊन आल्यावानी वाटत न्हाई, बानू. नुसतं दमल्यावानी वाटतंय.”

अशी काही वर्षं गेली. तात्याबाचा आवाज पार बसला. मग एका चैत्रात निमोण्यातच, बिरोबाच्या जत्रेत, पहिल्यांदाच स्टेज घातलं. कमिटीत ईश्वर होता. पुण्याचा आर्केस्ट्रा येणार होता.

“आबा, पंधरा मिनिटं,” ईश्वर म्हणाला. “तो मधला तुकडाच घ्या.”

बानूबाईनं मान वर केली. “देवाच्या दारात मधला तुकडा?”

“आये, लोकं थांबत न्हाईत आता.”

ती मल्हारीकडं बघत राहिली. त्याला जमिनीकडं बघताना तिनं क्वचितच पाहिलं होतं. “घेतो तुकडा,” तो म्हणाला.

दिवस कलला होता. निवेदकानं त्याला महाराष्ट्राचा लाडका लोककलाकार केलं. मल्हारी स्टेजवर उभा राहिला. समोर लोक होते, देऊळ पाठीमागं. त्यानं कानामागं हात नेला, थांबला आणि सावकाश उलटा फिरला. आता त्याच्यासमोर बिरोबा होता आणि लोकांना दिसत होती ती त्याची पाठ. पहिल्या देवाचं नाव ऐकलं तशी बायकांत बसलेल्या बानूबाईनं ओळखलं, हे सुंबरान आहे. हा आता सात मिनिटांचाही नाही आणि पंधराचाही नाही.

मल्हारीनं एकेक देव बोलवला, डोंगर सांगून, वाट सांगून. म्हाताऱ्यांनी पायातल्या वहाणा काढल्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या. ईश्वर स्टेजच्या कडेला मनगटावरचं घड्याळ दाखवत राहिला, पण पाठीला ते कुठलं दिसायला? शेवटचा देव येऊन बसला आणि कथेची पहिली ओळ निघणार तोच निवेदकानं माईक घेतला. टाळ्या झाल्या. मागं आर्केस्ट्राचे ढोल तपासायला सुरुवात झाली.

ईश्वर शाल घेऊन पुढं आला. “आबा, चला खाली. लै झालं.”

“पोचवणी ऱ्हायली.”

“देवळामागं जाऊन म्हणा की. कंपनीत बसमागं म्हणला हुताच.”

“तवा तीनच हुते,” मल्हारी म्हणाला. “आज समदे बसल्यात.”

“कोण बघतंय, आबा?”

मल्हारीनं त्याच्याकडं बघितलं. त्यात राग नव्हता. दिवसभर चालून आलेलं मेंढरू बघतं तसं बघितलं. शाल त्यानं ईश्वरच्याच हातात राहू दिली, फेटा काढून तिच्यावर ठेवला, खाली उतरला आणि कडेला बसलेल्या तात्याबापुढं जाऊन उभा राहिला.

“झेलतुस का?”

तात्याबानं गळ्याला हात लावला आणि नाही म्हणून मान हलवली. त्याचे डोळे भरले होते.

“बस मंग,” मल्हारी म्हणाला. “मीच जातो पोचवाय.”

त्यानं घोंगडी खांद्यावर टाकली, काठी घेतली आणि जत्रेतून वाट काढत माळाकडं निघाला. आर्केस्ट्राचं गाणं सुरू झालं होतं. बानूबाई उठून देवळाच्या कडेला, जिथून माळाची वाट दिसते तिथं गेली. मागोमाग ईश्वर आला, हातात शाल आणि फेटा तसाच.

वाऱ्यावर मल्हारीची ओळ आली. शेवटच्या देवाला निरोप. ओळ टाकून तो जागीच थबकला, तात्याबा झेलायचा तेवढा वेळ. कोणी झेलली नाही. तो चार पावलं पुढं गेला. दुसरी ओळ टाकली. पुन्हा थबकला.

बायका ओवी गात नाहीत. बानूबाईनंही कधी गायली नव्हती. पण ती ओळ अंगणात, मेंढरांच्या वाड्यावर, पालात तिच्या कानावरून इतक्यांदा गेली होती की ओठ आपसूक हलले. तिनं ती झेलली, इतक्या हळू की शेजारच्या ईश्वरलाच ऐकू गेली. तो आईकडं बघत राहिला.

“आये, आबांला ऐकू जातंय व्हय?”

तिनं कान माळाकडं लावला. पुढची ओळ येत होती.

कांद्याच्या रानाच्या बांधावरून मल्हारी वर चढला. चालायचा, थबकायचा, पुन्हा चालायचा. घोंगडी आणि माळ एका रंगाचे होईपर्यंत ती दोघं तिथं उभी होती.