मेढ्याच्या डोंगरात, बारशाला आलेला किडा

सांगली सोडताना मी स्वतःला बजावलं होतं, दोन दिवस राउटरकडे ढुंकूनही बघायचं नाही. इंटरनेटच्या जोडण्या दुरुस्त करणं हे माझं पोटापाण्याचं काम. पण आता मैत्रीण वैशालीच्या माहेरी, मेढ्याच्या वरच्या अंगाला, तिच्या भाच्याच्या बारशाला निघाले होते. साताऱ्यानंतर उसाचे फड मागे पडले, एसटी वळणं घेत चढू लागली, दोन्ही बाजूंना भातखाचरं दिसू लागली आणि मोबाइलची रेंज गुल झाली. मला गुदगुल्याच झाल्या!

घुगऱ्यांची (बारशाला वाटतात ते उकडलेले हरभरे) वाटी हातात पडते न पडते तोच ओरडा आला, "आवं, नेट पुन्यांदा गेलं!"

बाळाचे वडील संतोष, म्हणजे वैशालीचा भाऊ, सीमेवर फौजेत. बाळ त्यानं अजून पाहिलंच नव्हतं. दुपारी थोडा वेळ तो व्हिडिओ कॉल करणार होता आणि गावात आधार होता तो या केबलच्या इंटरनेटचाच. "बापानं बघितल्याबिगर नाव ठेवायचं न्हाई," वैशालीच्या वडिलांनी, अण्णांनी, जाहीर करून टाकलं होतं.

राउटर बंद करून चालू केला की जरा वेळ चाले, मग मान टाकी. शेजाऱ्यांचा आणून लावला, त्यानंही तेच केलं. झालं, माझी सुट्टी संपली! कोपऱ्यात कॉम्प्युटरवर पाळण्याची गाणी दणक्यात चालू होती.

"ही गाणी कुठून आणली?" मी विचारलं.

"पेनड्राइव्हातनं. भावकीत कुणाचंबी बारसं असू दे, त्योच फिरतोय घरोघरी," बाळाची आई सुजाता कौतुकानं म्हणाली.

गाण्यांबरोबर किडाही घरोघरी जेवून आला होता. हा किडा म्हणजे आपोआप पसरणारा व्हायरस. राउटरशी त्याचं काही वाकडं नसतं. नवी घरं शोधायला तो कॉम्प्युटरमधून दिसेल त्या पत्त्यावर टकटक करत सुटतो. त्या प्रत्येक टकटकीची नोंद बिचाऱ्या राउटरला ठेवावी लागते, आणि त्याचं डोकं भरून जातं. मी कॉम्प्युटरला जोडलेली नेटची वायर उपसली, तेवढ्यानं भागलं असतं. पण अण्णांनी घाईघाईनं कॉम्प्युटरच बंद केला.

गाणी थांबली. मग बायकांनीच पाळणा म्हणायला घेतला, प्रत्येकीची चाल वेगळी. मला तो फार आवडला.

इतक्यात कॉल आला. वैशालीनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, "विक्रम! विक्रम!" असा एकच गलका झाला. सुजातानं बाळाला फोनसमोर धरलं. संतोष बघतच राहिला आणि अचानक फोनवर नुसती भिंत दिसू लागली.

"हिकडं नेट जरा अडकतंय," त्याचा जड आवाज आला.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "होतं असं," मी म्हणाले, "थांबा, येईल." थोड्या वेळानं तो परत दिसला, लाल डोळ्यांनी हसणारा.

परतीच्या एसटीत वैशालीनं विचारलं, "शेवटी पुन्हा का अडकलं गं?"

"अडकलं कुठं? लाइन एकदम स्वच्छ होती."

तिच्या ध्यानात आलं. मग हसत हसत तिनं पदर डोळ्यांना लावला. इतक्या वर्षांच्या नोकरीत नेटवर खोटा आळ घेऊन मला एवढा आनंद कधीच झाला नव्हता.