रंगाला धक्का न लावता

पत्र्याला पडलेला पोचा हातानं वाचता येतो, असं मी म्हटलं की लोक हसायचे. पण शे-दीडशे गाड्या हाताखालून गेल्या की कळायला लागतं. म्हैस आडवी आली तर पोचा परातीसारखा पसरट पडतो आणि फटीत कुठंतरी चार केस अडकलेले सापडतात. खांबाला घासली तर लांबट चर पडतो. मालक ड्रायव्हरच्या नावानं फारच शंख करायला लागला, की समजायचं गाडी मालकच चालवत होता.

सत्तरच्या दशकात सोलापुरात अक्कलकोट रोडला माझी शेड होती. पोचे सगळेच काढत. ठोकून सरळ करायचं, वर पुट्टी भरायची आणि रंग मारून मोकळं व्हायचं. मी रंगाला धक्का न लावता काढायचो आणि त्याचा मला माज होता. गाडी उन्हात लावून पत्रा हात ठेववणार नाही इतका तापू द्यायचा, म्हणजे रंग नरम पडतो, तडकत नाही. मग चाकाच्या वर मडगार्डच्या आत हात घालून वाकड्या सळईनं कडेकडेनं दाबत मधे यायचं. घाई केली की रंग उडालाच. सोलापूरचं ऊन फुकट होतं, माझं निम्मं भांडवल तेच.

वडील गिरणीत होते, त्यामुळं घरात सुताला तोटा नव्हता. एका लाकडी चौकटीवर मी पांढरं सूत ओळीनं ताणून बांधलं होतं. चौकट गाडीसमोर धरली की रंगात त्या रेघा दिसायच्या. जिथं रेघ वाकडी, तिथं पोचा अजून शिल्लक. सगळ्या रेघा सरळ दिसल्या की काम संपलं.

भिंतीला भिंत लावून एका रंगवाल्या मिस्त्रीचं दुकान होतं. माझ्यामुळं त्याचं गिऱ्हाईक तुटायचं, पण माणूस दिलदार. चहा पिताना म्हणायचा, "तुझं असंच चाललं तर म्या काय कबरींना चुना मारत बसू का?" मी म्हणायचो, "माझ्यापासून सुरू कर की. आमच्या लिंगायतांत बी पुरतातच." ही थट्टा आमची रोजची होती.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. उन्हाळा लागत होता. एका सकाळी पेठेतले एक व्यापारी स्वतः गाडी चालवत आले. काळी अँबॅसिडर, आरशासारखी ठेवलेली, आणि पुढच्या डाव्या मडगार्डला खोल पोचा.

"म्हैस आडवी आली," ते म्हणाले. "गाडी विकायची आहे. रंग केलेला दिसला की घेणारा नाक मुरडतो. तुमचं नाव ऐकून आलोय."

तुमचं नाव ऐकून आलोय, एवढ्यावर मी विरघळलो.

कुठल्याही पत्र्यावर मी आधी मळ-डाग काढायला रॉकेलात भिजवलेल्या चिंधीचा बोळा फिरवायचो. त्याशिवाय माझा हात कामाला लागायचाच नाही. त्या दिवशी बोळा फिरवून झाला आणि मी पोच्यावर तळवा ठेवला. तळाशी अर्ध्या चंद्रासारखी कड लागली, एखाद्या गोल भांड्याच्या काठानं उमटावी तशी. म्हशीला काठ नसतो. दिव्याच्या खाचेत काहीतरी पांढुरकं वाळलेलं होतं. नखानं खरवडून वास घेतला तर आंबलेलं दूध. मला तेव्हाच कळायला हवं होतं, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. म्हैस नव्हती हे मला तेव्हाच कळलं होतं. काय होतं ते मी विचारलं नाही, कारण उत्तर आलं असतं तर काम सोडावं लागलं असतं, आणि तसला अवघड पोचा मला सोडायचा नव्हता.

दुपारभर मी त्या मडगार्डखाली होतो. काठानं रंग वरवर खरवडला होता, तेवढा मेण लावून घासला. चार वाजता चौकट समोर धरली. एकही रेघ हलली नाही. आयुष्यात त्याहून चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही. व्यापाऱ्यांनी मडगार्डवरून हात फिरवला आणि नुसतीच मान हलवली. मला अतिशय आनंद झाला होता, लपवत नाही.

पंधरा-वीस दिवसांनी एक बाई आली. पस्तिशीची असेल, कपाळ मोकळं, पाय धुळीनं भरलेले, काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. शेडच्या बाहेरच उभी राहिली.

"मिस्त्री, म्हैनाभरात हितं काळ्या गाडीला रंग दिला का तुमी?"

मी बसायला सांगितलं. ती बसली नाही, उभ्यानंच बोलली. नवरा कुंभारीहून रोज पहाटे सायकलवर दूध घेऊन सोलापुरात यायचा. एका सकाळी रस्त्याकडेच्या चारीत पडलेला सापडला. दूध सांडलेलं, सायकल वाकडी, आणि माणूस गेलेला. पोलिसांनी कागदावर लिहिलं, दारू पिऊन पडला.

"आमच्या मालकानं कदी तोंडाला लावली न्हाय," ती म्हणाली. "गळ्यात लिंग बांधल्याला माणूस. पोरीची सोयरीक जुळत आली हुती. आता पाव्हणं म्हंत्यात, दारुड्याच्या घरची पोर नगं. त्यो कागुद बदलला पायजे की."

चौकीतल्या एका शिपायाला तिची दया आली होती. ठोकलेली गाडी रंगाला जातेच, तो म्हणाला होता, काळी गाडी कुणी रंगवली ते हुडकून आण, मग बघू. तेवढं धरून ती चार दिवस शहरातली गॅरेजं पायी फिरत होती आणि सगळीकडं एकच प्रश्न विचारत होती. शेजारच्या मिस्त्रीलाही तिनं विचारलं होतं. त्यानं नाही म्हणून सांगितलं आणि माझ्याकडं बोट दाखवलं. आता वाटतं, मुद्दाम दाखवलं. ती गाडी माझ्या दारात दिवसभर उभी असलेली त्यानं पाहिली होती.

"न्हाय अक्का," मी म्हणालो. "काळ्या गाडीला हितं रंग दिल्याला न्हाय."

माझ्या बोलण्यावरून तिनं ओळखलं असणार की घरी कानडी आहे. तिनं पुन्हा तेच कानडीत विचारलं, जरा हळू आवाजात, घरच्या माणसाला विचारावं तसं. मी कानडीतही तेच उत्तर दिलं. दोन्ही भाषांत मी अक्षर न् अक्षर खरं बोललो.

मग तिनं गोणपाट सोडलं. आत दुधाची किटली होती. काठ एका बाजूला चेपलेला, आणि चेपलेल्या जागी काळा रंग लागलेला. पोलिसांनी ती ठेवून घेतली नव्हती. असा डाग कशानंही पडतो, म्हणाले होते.

"तुमी पत्र्यातली माणसं. हे पडून झालंय का धडकून, येवढं तरी सांगा."

मला चौकट लागली नाही की सूत लागलं नाही. त्या काठाची दुसरी बाजू मीच माझ्या हातानं सपाट केली होती. शेजारचा मिस्त्री हातात ब्रश घेऊन त्याच्या दारात उभा होता. मला भीती वाटली. व्यापाऱ्याची, चौकीची, साक्षीला उभं राहण्याची. आणि त्याहून जास्त लाज वाटली, की ते काम मी कुणासाठी केलं हे चारचौघांत निघेल.

"पडून बी हुतं असं," मी म्हणालो.

मिस्त्री आत निघून गेला. कबरींना चुना मारायची थट्टा त्यानं त्यानंतर कधी केली नाही. आमचा चहाही हळूहळू सुटला.

बाई दमल्यासारखी खाली बसली.

"मग येवडा काठ तरी नीट करून द्या," ती म्हणाली. "झाकण बसंना झालंय. आता दूध घालाया मलाच जावं लागतंय."

माठातलं पाणी तिला दिलं आणि किटली घेऊन बाकड्याशी आलो. हात आपोआप चालला. काय झालं ते कळेपर्यंत बोळा काठावरून फिरून गेला होता. पांढऱ्या चिंधीवर काळा रंग उतरला होता आणि किटली स्वच्छ झाली होती. मी मागं वळून पाहिलं. ती पाणी पीत रस्त्याकडं बघत होती. मी चिंधी खिशात घातली आणि लाकडी हातोड्यानं काठ गोल करायला घेतला.

मन लावून केलं. झाकण आवाज न करता बसलं. तिनं पदरानं किटली पुसली, काठावरून एकदा बोट फिरवलं, जिथं पोचा होता तिथंच.

"लई चांगला हात हाय तुमचा, मिस्त्री," ती म्हणाली. "काय झालतं, कुटं झालतं, वळकू सुदिक येत न्हाय आता."