लेबनॉनची भाऊबंदकी, बुकित बातोक शाखा

ऑफिसच्या पँट्रीत एक ड्रॉवर असतो बघा, ज्यात चिली सॉसच्या पुड्या आपोआप साठत जातात. कुणी मुद्दाम ठेवत नाही, कुणी टाकूनही देत नाही. मग एक दिवस तो ड्रॉवर उघडायचाच बंद होतो! आमच्या ऑफिसातल्या किश्श्यांचं तसंच झालंय. थोडे आज बाहेर काढते, नाहीतर नवे मावायचे नाहीत.

ऑफिस इथे परदेशात, बुकित बातोकला. काम, दुसऱ्यांची जहाजं सांभाळायचं. मी क्रू डिपार्टमेंटला, म्हणजे कुठला खलाशी कुठल्या बंदरात चढणार, कुठे उतरणार, ते बघते. शेजारच्या टेबलावर कोल्हापूरचे पाटील, पूर्वीचे चीफ इंजिनीयर. आणि काचेच्या केबिनमध्ये कॅप्टन नदीम, लेबनॉनचे. साठी उलटलेली, आवाज असा की फोन न लावताही जहाजापर्यंत पोचावा. तुर्की सुलतानाच्या काळात यांचं घराणं लेबनॉनच्या डोंगरात राज्य करायचं. खरेखुरे अमीर, म्हणजे राजेच!

हे आम्हाला कळलं ते फुआद सेफ्टी डिपार्टमेंटला जॉइन झाला तेव्हा. चाळिशीचा, सडपातळ, शांत माणूस. तोही लेबनॉनचा. कॅप्टननी त्याचं आडनाव वाचलं आणि मान वर केली.

"हे तर माझं आडनाव. कुठली शाखा?"

फुआदने आजोबांचं नाव सांगितलं, मग पणजोबांचं, मग त्यांच्या वडिलांचं, मग त्यांच्याही वडिलांचं. चौथ्या नावाला कॅप्टननी चष्मा काढला.

"म्हणजे तुम्ही ते!"

"हो. आणि तुम्ही ते."

केबिनचं दार बंद झालं. आम्ही फुआदकडे बघत राहिलो. तो खांदे उडवून म्हणाला, "दोनशे वर्षांपूर्वी गादीवरून जरा वाजलं होतं."

पाच मिनिटांनी दार उघडलं. कॅप्टन वेलची घातलेल्या कॉफीचे दोन कप घेऊन उभे.

"आधी कॉफी घे. मग भांडू."

पाटील माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "भाऊबंदकी! वृषालीताई, ही तर आपलीच माणसं निघाली!"

* * *

पाटलांना काय, विषयच मिळाला. एकदा हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जेवताना त्यांनी सॉसच्या बाटल्या मांडून साताऱ्याची गादी आणि कोल्हापूरची गादी समजावून सांगितली. दोघेही नूडल्स थांबवून ऐकत होते.

"एकाच घराण्याच्या दोन गाद्या?" कॅप्टन.

"दोन! मध्ये वारणा नदी. अलीकडे आम्ही, पलीकडे ते. विषय संपला!"

कॅप्टन विचारात पडले. मग फुआदकडे वळून म्हणाले, "आपल्याकडेही नद्या होत्या की. हे आपल्याला का नाही सुचलं?"

"सुचलं होतं," फुआद म्हणाला. "पण तुमच्या लोकांनी नदीसुद्धा मागितली!"

* * *

डोंगरातला अमीर कोण, ते ठरवायचा किनाऱ्यावरच्या शहरातला तुर्की पाशा, म्हणजे सुलतानाचा सुभेदार. तो दरवर्षी मानाची वस्त्रं पाठवायचा. ज्याच्या अंगावर वस्त्रं, तो अमीर. एक काका वस्त्रं घालून बसला की एखादा पुतण्या पाशाची मर्जी वळवायला निघालाच! हे सगळं कॅप्टन इतकं रंगवून सांगायचे की परवाच घडल्यासारखं वाटायचं.

आणि आमच्याकडे हेड ऑफिसमधून एक जॅकेट आलं. निळंशार, उबदार, छातीवर सोनेरी नांगर. सोबत चिठ्ठी, 'सेफ्टीमधल्या उत्तम कामगिरीबद्दल.' नाव मात्र कुणाचंच नाही!

आमच्या ऑफिसचा एसी म्हणजे काश्मीर. त्यामुळे जॅकेट सगळ्यांनाच हवं होतं. पण बोलायची सोय नव्हती, कारण फुआद म्हणाला, "सेफ्टी डिपार्टमेंट माझं," आणि कॅप्टन म्हणाले, "जहाजं माझी." तीन दिवस जॅकेट मीटिंग रूमच्या खुर्चीला लटकून राहिलं. दोघेही येता-जाता त्याच्याकडे बघायचे, हात कुणी लावायचं नाही.

चौथ्या दिवशी मीटिंगला गेलो तर जॅकेट गायब! तेवढ्यात आमच्या सफाईवाल्या लिम आंटी मॉप घेऊन आत आल्या. सत्तरीच्या, एवढ्याशा. जॅकेट गुडघ्यापर्यंत आलेलं, बाह्या चार वेळा दुमडलेल्या.

"Nobody want, I take lah. Very cold here!"

फुआदने कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टन सावकाश उठले, छातीवर हात ठेवला आणि लिम आंटींपुढे कमरेत वाकले. मागोमाग फुआदही वाकला.

लिम आंटी म्हणाल्या, "Floor wet. Careful."

* * *

दिवाळीला कॅप्टन आणि फुआद दोघांनाही बुकित पंजांगला आमच्या घरी फराळाला बोलावलं. दोघे एकाच एलआरटी ट्रेनने आले, पण वेगवेगळ्या डब्यांतून! चकलीवर मात्र एकमत झालं.

माझी लेक इरा आठ वर्षांची. तिला कुणीतरी सांगितलं होतं की घरी राजे येणार आहेत. ती समोर उभी राहून दोघांना न्याहाळत होती.

"Uncle, you king ah?"

"मी नाही. माझे पूर्वज," कॅप्टन म्हणाले.

"माझेही," फुआद म्हणाला.

"Then who win?"

मी डोळे वटारले, पण इरा कसली ऐकते! शेवटी फुआदनेच सांगितलं की हे पूर्वज एकमेकांशी इतके भांडले, इतके भांडले, की सुलतानाने शेवटी अख्ख्या घराण्यालाच गादीवरून उठवलं.

इराने क्षणभर विचार केला.

"So both lose, lah!"

कॅप्टन इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता फुआद.

* * *

कॅप्टनच्या आई गावी, डोंगरात. नव्वदीला टेकलेल्या. इथे दुपार झाली की तिकडे सकाळ होते, तेव्हा त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. एकदा फुआद सहीसाठी केबिनमध्ये गेला आणि स्क्रीनवर दिसला.

"हा कुणाचा?" आईंनी विचारलं.

कॅप्टननी खालच्या आवाजात शाखा सांगितली. आईंनी चेहरा स्क्रीनजवळ आणला.

"जेवलाय का विचार त्याला."

"आई, अगं, हे लोक ते..."

"मी तुला इतिहास विचारला का? जेवलाय का, एवढंच विचारलं!"

हे फुआदनेच आम्हाला नंतर सांगितलं. त्याची आई जाऊन सहा वर्षं झाली होती.

* * *

मग कॅप्टनच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डावाही तितकाच अधू, त्याची पाळी नंतर. ते बेडोकला एकटे राहतात. बायको नाही, मुलं कॅनडात. वादळातून जहाज काढलेला माणूस, पण आदल्या दिवशी केबिनमध्ये नुसते बसून होते. मी चहा घेऊन गेले.

"भीती वाटते का, कॅप्टन?"

"माझ्या पूर्वजाने फुआदच्या पूर्वजाचे डोळे काढले होते," ते म्हणाले. "सख्ख्या चुलत भावाचे. आंधळा माणूस अमीर होऊ शकत नाही म्हणून. आमच्या घरी ही गोष्ट मुलांना विजय म्हणून सांगायचे. मला रात्र रात्र झोप यायची नाही."

तेवढ्यात दारात फुआद. किती ऐकलं होतं त्याने, देव जाणे.

"दिवसातून चार वेळा ड्रॉप्स घालायचे आहेत," तो म्हणाला. "मी आठवडाभर रजा टाकली आहे. तुमच्याकडे सोफा आहे ना?"

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी आणि पाटील वरणभाताचा डबा घेऊन बेडोकला गेलो. दार उघडंच होतं. कॅप्टन खिडकीशी खुर्चीत मान मागे टाकून बसलेले. फुआदने डोळ्यावरची पट्टी नुकतीच काढली होती. एका हातात बाटली, दुसऱ्या हाताच्या बोटाने पापणी अलगद खाली ओढलेली. आम्ही दारातच थांबलो.

एक थेंब पडला. कॅप्टननी डोळा मिटला, उघडला, आणि फुआदच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. बघतच राहिले.

"काय झालं? दुखतंय?"

"दोन वर्षं तुझ्यासमोर बसतोय मी," कॅप्टन म्हणाले. त्यांचा तो आवाज इतका लहान आम्ही कधी ऐकला नव्हता. "तू हुबेहूब माझ्या वडिलांसारखा दिसतोस."

फुआदने बाटली पुन्हा डोळ्यावर धरली.

"वर बघा, काका," तो म्हणाला. "अजून एक थेंब राहिलाय."